दुखणार नाही, असं सांगू नका!

‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाकांना मोठ्ठं इंजेक्शन द्यायला सांगीन!’ हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. जेवत नाही म्हणून सुई, झोपत नाही म्हणून सुई. मग ताप आला की त्याच पोराला त्याच डॉक्टरकाकांकडे न्यायचं आणि वर म्हणायचं, ‘रडतोस काय, काही दुखत नाही!’ पोरानं यातलं खरं काय मानायचं?

मुलांची ही भीती कमी करण्यासाठी परदेशातल्या हॉस्पिटलांत आता यंत्रं वापरतात. डोळ्यांवर लावायचे व्हर्च्युअल रिॲलिटीचे चष्मे, गप्पा मारणारे छोटे रोबो, जहाजासारखं रंगवलेलं एमआरआय मशीन. हे वाचून वाटेल, आमच्या तालुक्याच्या गावात कुठलं आलंय हे? पण मैत्रिणींनो, ही यंत्रं कशामुळे काम करतात ते समजून घेतलं, तर त्यातला बराचसा भाग आपल्यालाही करता येतो, तोसुद्धा फुकट.

मुळात तान्ह्या बाळांना दुखतं, हेच वैद्यकशास्त्राला फार उशिरा पटलं. बाळाचा मेंदू अजून कच्चा आहे, त्याला भूल झेपणार नाही, अशा समजुतीनं १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. पुढे १९९७ मध्ये टोरोंटोच्या ॲना टॅडिओ यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. जन्मानंतर वेदनाशामकाशिवाय सुंता झालेली बाळं काही महिन्यांनी लस घेताना इतर बाळांपेक्षा जास्त कळवळली. ‘लहान आहे, विसरेल’ असं आपण सहज म्हणतो. शरीर मात्र इतक्या सहज विसरत नाही.

आता यंत्रांकडे वळू. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग ही भयंकर वेदनेची गोष्ट. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी व्हर्च्युअल रिॲलिटी वापरायला सुरुवात केली. ‘स्नोवर्ल्ड’ नावाच्या त्यांच्या खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विनवर, हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. इकडे नर्स ड्रेसिंग बदलत असते. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. ते खेळात गुंतलं, की वेदनेच्या वाट्याला कमी येतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. तिथे वेदनाशामक औषधं बंद केली नव्हती, खेळ औषधांच्या जोडीला होता.

दुसरं उदाहरण एमआरआयचं. अंधाऱ्या बोगद्यात, धडधड आवाजात निश्चल पडून राहणं मोठ्यांनाही जड जातं. मुलं घाबरून हलतात, म्हणून त्यांना अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. त्याआधी उपाशी ठेवायचं, भूलतज्ज्ञाची वेळ मिळवायची, हे सगळं आलंच. जीई हेल्थकेअर कंपनीत ही मशिन बनवणारे डग डाएट्झ यांनी एका छोट्या मुलीला मशिनसमोर रडताना पाहिलं. मग पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात त्यांनी तपासणीची खोलीच समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी सजवली. मशीन आतून तेच राहिलं. मुलासाठी गोष्ट बदलली, आणि गुंगीचं औषध लागणाऱ्या मुलांची संख्या घटली.

कॅनडात कॅलगरीमध्ये तान्या बेरान यांनी ५७ मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूची लस घेताना एक छोटा रोबो काही मुलांशी बोलत होता. त्या मुलांना इतरांपेक्षा कमी दुखलं.

म्हणजे यंत्र आणलं की काम झालं का? तसं नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये व्हर्च्युअल रिॲलिटीवरच्या १७ चाचण्या तपासल्या. त्यांत ४ ते १८ वयाची हजारावर मुलं होती. निष्कर्ष असा, की हाती असलेला पुरावा अजून कच्चा आहे. तेव्हा कुणी ‘आमच्या चष्म्यानं अजिबात दुखत नाही’ असं सांगून वेगळे पैसे मागितले, तर जरा थांबून विचार करावा.

आणि आपल्या हातातल्या मोबाइलचं काय? तो उपयोगी आहे, पण आपण तो कसा वापरतो? कार्टून लावायचं, मूल रमलं की नर्सला डोळ्यांनी खुणवायचं, की टोच! सुई जाते खरी, पण मुलाच्या लक्षात काय राहतं? आईनं कार्टून लावलं की घात होतो. पुढच्या वेळी ते मोबाइल बघूनच किंचाळतं. जहाजाच्या खोलीतल्या मुलाला काय होणार हे आधी सांगितलेलं असतं, स्वतःहून करायला एक काम दिलेलं असतं. आपण मोबाइल देतो आणि नेमकं हेच विसरतो.

म्हणून पहिलं पथ्य, खरं बोला. ‘काही नाही होणार’ असं पुन्हा पुन्हा घोकल्यानं मूल उलट सावध होतं. ‘टोचल्यासारखं होईल, थोडा वेळ राहील, मी इथेच आहे,’ एवढं पुरे. मग विचारा, कोणता हात द्यायचा? गाणं लावू की गेम? गेम जास्त चांगला, कारण नुसतं बघण्यापेक्षा करण्यात जीव जास्त गुंततो. मोबाइल नसेल तर साबणाचे फुगे, पिपाणी, भिरभिरं. लागलेल्या जागी आपण फुंकर घालतो ना, तशी फुंकर इथे मुलानंच मारायची. लांब श्वास सोडताना अंग सैल पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदनेबद्दल ज्या सूचना दिल्या, त्यांत एकही महागडं यंत्र नाही. बाळाला लस देताना किंवा त्याच्या थोडं आधी अंगावर पाजा. मुलाला आडवं दाबून न धरता मांडीवर बसवून कवेत घ्या. अनेक सुया असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्या. आपल्या सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया असतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या साध्या सूचनांचं मोल कळतं. आणखी एक, गोडाच्या नावाखाली एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

थॅलेसेमिया झालेल्या मुलांना साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मधुमेही मुलांना तर रोज इन्सुलिन. या मुलांच्या आयुष्यात सुई पाहुणी म्हणून येत नाही, ती घरातच राहते. रक्त काढण्याआधी किंवा सलाईन लावण्याआधी कातडी बधिर करणारं मलम मिळतं. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं. किती आणि कुठे लावायचं, हे डॉक्टरांना विचारूनच. पण आपण विचारतच नाही. सुई ठरलेलीच आहे, मग दुखणंही ठरलेलंच, असं धरून चालतो.

आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी रांग मोठी असते, नर्सताईंना दोनच हात असतात, हे मान्य. पण मांडीवर बसवायला, पाजायला द्यायला किती वेळ जातो? ज्या मुलाला दर वेळी चौघांनी दाबून धरलं, ते मोठेपणी दात किडला तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्याच ओळखीत असे चार जण निघतील.

तेव्हा पुढच्या डोसाला जाल तेव्हा पिशवीत फाइलबरोबर एक पिपाणी टाका, आणि नर्सताईंना न लाजता विचारा, ‘मी हिला मांडीवर घेऊन बसू का?’ यात कसले आले लाड? मुलाच्या दुखण्याची दखल घेणं हाही उपचारच आहे, आणि तो मागायचा आपल्याला हक्क आहे.