चाळीस दिवसांची मुदत आणि शासनावरील श्रद्धा



आपल्या जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातील गाव २०२३ पूर्वी जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी श्री. मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण आरंभिले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला. १४ सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे यांनी गावात येऊन फळांचा रस दिला, उपोषण सुटले आणि शासनास चाळीस दिवसांची मुदत मिळाली. प्रायश्चित्तकाळ पाळणाऱ्या आम्हां ख्रिस्ती जनांस हा आकडा ओळखीचा वाटला.

मुदत २४ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी, संपली. त्याच सायंकाळी मुंबईच्या मेळाव्यात मुख्यमंत्र्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांसमोर नतमस्तक होऊन आरक्षण देण्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी उपोषण पुन्हा सुरू झाले!

पुढील दोन वर्षांचा इतिहास याच वळणाचा आहे. २७ जानेवारी २०२४ ला वाशी येथे ‘सगेसोयरे’ विषयक अधिसूचनेचा मसुदा हाती आला व गुलाल उधळला गेला. २० फेब्रुवारीला विधिमंडळाने दहा टक्क्यांचा स्वतंत्र कायदा केला. तरी समाधान झाले नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासून आझाद मैदानावर उपोषण झाले आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय निघाला. पुन्हा गुलाल.

हे सारे पाहताना आम्हांस वाटते की, ज्या शासनाने लाठ्या चालविल्या त्याच्याच स्वाक्षरीच्या कागदावर एवढी आशा ठेवणे ही केवळ राजकीय हिशेबाची गोष्ट नाही. तिला श्रद्धा हाच शब्द शोभतो. वचन लांबले तरी ती मोडत नाही. तिला शपथ लागते, उपवास लागतो, पवित्र अक्षर लागते. न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यातील जुन्या मोडी व उर्दू दप्तरांत ‘कुणबी’ हा शब्द शोधला. त्या एका शब्दावर घराण्याचे भवितव्य ठरते.

जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्री येथे श्री. लक्ष्मण हाके व श्री. नवनाथ वाघमारे यांनी ओबीसींचा वाटा राखण्यासाठी उपोषण केले. शेतकरी पाऊस मागतो आणि वीटभट्टीवाला ऊन मागतो, दोघांचे हात एकाच देवाकडे जोडलेले असतात. परंतु देव कोणासही लेखी आश्वासन देत नाही. शासनाने दोघांनाही शब्द दिला, आणि अडचण येथेच आहे.

साम्य येथवर. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात मूर्तिपूजेची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत सत्ता व पैसा यांच्यासोबत राज्यसंस्थाही आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील भाविकांस याच धोक्याविषयी परिपत्र लिहिले होते. देवावरील श्रद्धेस मुदत लावता येत नाही; शासनावरील विश्वासास ती लावलीच पाहिजे, आणि ती पाळली गेली की नाही हे तपासलेही पाहिजे. जरांगे यांनी मुदत घातली, हे आमच्या मते योग्यच झाले. मात्र जमीन तुकड्यांत वाटली गेली, पाऊस बेभरवशाचा झाला, शिकलेल्या मुलास काम नाही. या दुखण्यांवर एकटा दाखला किती पुरा पडेल, हा प्रश्न गुलालाखाली झाकला जातो.

आमच्या अंगणातही हा प्रश्न आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शीखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने या विषयावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला व पुढे त्यास मुदतवाढ दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्या एका स्त्रीस केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवून अनुसूचित जातीचा दाखला मिळणार नाही, असा निर्णय दिला. ज्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्या घरांतील नातवंडांपुढे दाखल्याचा अर्ज भरताना धर्माचा रकाना येतो. तेथे काय लिहावे, हे विचारावयास तरुण आमच्या धर्मगुरूंकडे येतात. खोटे लिही, असे त्यांस सांगता येत नाही. आणि खरे लिहिण्याची किंमत मात्र तोच तरुण मोजतो.