घराची किल्ली आणि शीलाची पहारेदारी

पुण्याच्या हिंजवडी, वाकड, खराडी या भागांत किंवा मुंबईच्या उपनगरांत नोकरीसाठी आलेली तरुण मुले-मुली एकत्र भाड्याचे घर घेऊन राहतात, ही गोष्ट आता अपवादात्मक उरलेली नाही. त्यांच्यात प्रेमसंबंध असतो असे नव्हे. एकट्याच्या पगारात भाडे भागत नाही, अनामत रक्कम एकट्याने उभी राहत नाही, म्हणून चौघे मिळून तीन खोल्या घेतात. त्या चौघांत एक वा दोन मुली असल्या, की प्रश्न उपस्थित होतो : परक्या पुरुषांबरोबर एका छपराखाली राहणारी ही मुलगी सुरक्षित आहे काय?

प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला प्रतिगामी म्हणून झिडकारणे ही पुरोगाम्यांची आळशी सवय होय. न्हाणीघराच्या दाराला धड कडी नसणे, सहनिवाशाच्या मित्रांनी मध्यरात्री दारू पिऊन घरात येणे, मोबाइलच्या कॅमेऱ्याची धास्ती, ज्याला नकार दिला त्याच्याच समोर रोज सकाळी चहा करावा लागणे, ही भीती काल्पनिक नाही. परंतु हा प्रश्न ज्यांच्या तोंडी सदैव असतो, त्यांचे उत्तर मात्र आधीच ठरलेले असते : मुलीने असे राहूच नये. सोसायटीचे पदाधिकारी अविवाहितांना घर नाकारतात, घरमालक मुलीच्या वडिलांचा फोन नंबर मागतो, आणि सुरक्षिततेची काळजी वाहिल्याचे समाधान सर्वांच्या पदरी पडते. मुलीच्या पदरी काय पडते? गावी परतण्याचे तिकीट.

या उत्तरात पहिला विसर इतिहासाचा आहे. ज्या मुंबईची संपत्ती गिरणगावाने उभी केली, तेथे एका खोलीच्या बिऱ्हाडात गावाकडचे चार-चार पुरुष जेवायला व निजायला असत. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. बायामुले आत, पुरुष व्हरांड्यात, अशी वाटणी होई. कोकण-घाटावरून येणारा स्वस्त मजूर गिरणीला हवा होता आणि त्याच्या निवाऱ्याचा खर्च मालकाला नको होता. तो खर्च चाळीतल्या बाईने आपल्या श्रमातून आणि आपल्या आडोशातून भरून काढला. म्हणून शीलाच्या नावाने त्या खोल्यांना कोणी कुलूप ठोकले नाही. आज तीच बाई स्वतःच्या पगारावर स्वतःच्या नावाने खोली मागते, तेव्हा मात्र संस्कृती आठवते.

दुसरा विसर वस्तुस्थितीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे आढळते. त्या ओळखीत शेजारी, मित्र, सहकारी येतात, तसे नातेवाईकही येतात. तेव्हा 'घरी परत जा' हा सल्ला सुरक्षिततेची हमी देत नाही. जाब कोणाला द्यायचा, एवढेच तो बदलतो.

मग धोका नेमका कशात आहे? तो मुलीच्या दुबळ्या हक्कात आहे. करारनाम्यावर बहुधा एकाचेच नाव असते. उरलेले त्याच्या मर्जीवर राहतात. घरात त्रास सुरू झाला, तर ज्याचे नाव नाही त्यानेच निघायचे, आणि निघताना अनामत सोडून द्यायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. पण त्या कागदावर प्रत्येक राहणाराचे नाव असावे, असा आग्रह कोण धरतो?

कायद्यातही एक मोठी फट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ अन्वये दंडाधिकारी छळ करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतो. परंतु हे संरक्षण रक्ताच्या, विवाहाच्या, विवाहसदृश, दत्तकाच्या वा एकत्र कुटुंबाच्या नात्यालाच मिळते. भाडे वाटून घेणारी सहनिवासी त्या व्याख्येत बसत नाही. चोरून पाहणे वा चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये तो कायम आहे. पहिल्या दोषसिद्धीस किमान एक वर्षाची कैद आहे. मात्र फौजदारी खटला चालेपर्यंत त्याच घरात कोणी राहायचे, याचे उत्तर हे कलम देत नाही.

ही फट बुजविण्याऐवजी राज्यकर्ते काय करतात, हे उत्तराखंडाकडे पाहून कळते. तेथे २७ जानेवारी २०२५ रोजी लागू झालेल्या समान नागरी संहितेने लिव्ह-इन संबंधांची नोंदणी सक्तीची केली. नोंदणीविना महिन्याहून अधिक राहिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे सर्व स्त्रीच्या संरक्षणासाठी आहे असे सांगितले जाते. ज्यांच्यात असा संबंध नाही, केवळ भाडे वाटून घेणे आहे, त्यांनाही आता संशयी घरमालकापुढे आपल्या नात्याचा खुलासा करीत बसावे लागेल. छळाची तक्रार करू पाहणाऱ्या मुलीला प्रथम स्वतःच्या राहणीचा हिशेब द्यावा लागला, तर ती तक्रारच करणार नाही. पहाऱ्याला संरक्षण म्हणणे ही फसवणूक आहे.

दुसऱ्या टोकाला बाजारपेठेचे भक्त उभे आहेत. त्यांच्या मते सज्ञान व्यक्तीने आपला सहनिवासी पारखून घ्यावा, दाराला चांगली कडी बसवावी, पटले नाही तर दुसरे घर पाहावे. सल्ला चुकीचा नाही. पण दुसरे घर पाहण्याची ऐपत असती, तर तिने पहिले घर वाटून घेतले असते काय? २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. घरे गुंतवणूक म्हणून कुलूपबंद आणि कष्टकरी मुलगी कडी नसलेल्या खोलीत, या व्यवस्थेत 'निवड' हा शब्द थट्टेचा ठरतो.

केंद्राची नोकरदार महिला वसतिगृहांची योजना १९७२-७३ ची. अर्धशतक उलटले, तरी गरजेच्या मानाने जागा तोकड्याच आहेत. त्यांतही मुक्कामाला साधारणतः तीन वर्षांची मर्यादा आणि रात्री दार बंद होण्याची वेळ. दुसऱ्या पाळीत काम करणारीने जावे कोठे?

आपल्याही चळवळीतले काही साथी या प्रश्नाला मध्यमवर्गीय चोचले मानतात. त्यांनी कॉल सेंटरमधल्या, मॉलमधल्या, रुग्णालयांतल्या मुलींचा पगार विचारावा. मागण्या स्पष्ट आहेत : करारनाम्यावर प्रत्येक राहणाराचे नाव, प्रत्येक खोलीला आतून कडी, अनामतीवर मर्यादा, जी केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने घरांसाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे, छळ झाल्यास छळणाराने घर सोडावे, अशी तरतूद सहनिवाशांनाही लागू, आणि पाळीनुसार उघडी राहणारी सार्वजनिक वसतिगृहे.

१८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाईंनी फसविल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले. त्यांनी त्या स्त्रियांना शीलाचा दाखला मागितला नाही. बाळंतपणासाठी सुरक्षित खोली दिली. ज्या महाराष्ट्रात हे घडले, त्याने आज कामावरून परतणाऱ्या मुलीला 'कोणाबरोबर राहतेस?' असे विचारण्यापूर्वी 'तुझ्या खोलीची किल्ली तुझ्याजवळ आहे ना?' एवढे विचारायला शिकावे.