तातडीचे दार

दहा ते एकोणीस हे वय निरोगी असते, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. बाळपणीचे आजार मागे पडलेले असतात आणि म्हातारपणीची दुखणी दूर असतात. त्यामुळे घरातील औषधपाण्याची चिंता लहानग्यांपासून सुरू होते, ती मधली मुले ओलांडून थेट आजी-आजोबांपाशी जाते. या मधल्या मुलांची रुग्णालयाशी पहिली ओळख होते ती बहुधा तातडीच्या विभागात. अपघात, भाजणे, विषबाधा किंवा मनाचा कडेलोट झाल्यावर.

दिल्लीतील पहाडगंजचे उदाहरण घेऊ. मराठी माणसाला हा भाग नूतन मराठी विद्यालयामुळे परिचित आहे. त्याच्या उंबरठ्यावर नवी दिल्ली रेल्वे स्थानक आहे. घर सोडून आलेली कितीतरी मुले येथेच गाडीतून उतरतात. अशा मुलांसाठी १९८८ पासून काम करणारा सलाम बालक ट्रस्ट याच परिसरात आहे. रुग्णालयांचीही येथे वाण नाही. लेडी हार्डिंग, कलावती सरन बालरुग्णालय आणि राममनोहर लोहिया ही मोठी सरकारी रुग्णालये फार दूर नाहीत. तरीही उपाहारगृहात भांडी घासणारा किंवा दुकानात ओझी उचलणारा पंधरा वर्षांचा मुलगा दुखणे अंगावरच काढतो. असे का व्हावे?

कारणे साधी आहेत. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. त्या वेळी मुलगा शाळेत असतो किंवा कामावर. खाडा केला तर मजुरी बुडते. मुलीला काही सांगायचे असेल, तर आईसमोर सांगण्याचा संकोच वाटतो. खिडकीपाशी "सोबत कोण आहे?" हा प्रश्न येतो आणि पुष्कळांजवळ त्याचे उत्तर नसते. मग साधी जखम चिघळते, ताप डोक्यात जातो आणि मध्यरात्री तातडीचे दार ठोठवावे लागते.

काहींचे म्हणणे असे, की किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांमुळे तातडीच्या विभागात गर्दी होते आणि खऱ्या अत्यवस्थ रुग्णाचे हाल होतात. गर्दीची ही अडचण खरी आहे. परंतु दुखणे किरकोळ की गंभीर, हे सोळा वर्षांच्या मुलाने ठरवावे, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ते तपासणाऱ्याचे काम आहे. गर्दी कमी करावयाची, तर हे दार अरुंद करून भागणार नाही. दुसरी दारे उघडावी लागतील. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रांची तरतूद आहे. महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. अशी केंद्रे सायंकाळी उघडी राहिली आणि तेथे मुलांचे बोलणे गुप्त राहिले, तर अनेक दुखणी वेळीच थांबतील.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. एका जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून दूर पाठविले आणि तो वाटेतच मरण पावला. त्या घटनेवरून सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले, की प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे; कागदपत्रे नंतर. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचविणाऱ्यालाही संरक्षण दिले. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर सांगतो, की जीव देऊ पाहणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असेच मानावे. तिला हवी असते ती शुश्रूषा, शिक्षा नव्हे.

मात्र कायदा पुस्तकात राहिला, तर तो कोणाचेही रक्त थांबवीत नाही. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहेत. काही जण स्वतःच या वयाचे आहेत. ११२ हा आपत्कालीन साहाय्याचा आणि १४४१६ हा मानसिक आधाराचा क्रमांक घरातील प्रत्येक मुलाला पाठ असावा. शेजारचे मूल कण्हत असेल, तर "त्याचे आईवडील येऊ देत" असे म्हणत थांबू नये. त्याला घेऊन निघावे. आणि बरे झाल्यावर "आधी का सांगितले नाहीस?" असे दरडावण्याऐवजी, आपल्याला सांगावे असे त्याला का वाटले नाही, याचा विचार करावा. घरात मोकळेपणाने बोलता आले, तर पुष्कळ मुलांना मध्यरात्री रुग्णालय गाठावे लागणार नाही.