पैनगंगा जेव्हा सरहद्द होती

आमच्या मेसमध्ये जगाचे प्रश्न रोज सोडवले जातात. पहिली पोळी संपायच्या आत युक्रेनचा निकाल लागतो, वरणभातापर्यंत गाझाचा, आणि "युनो काय कामाची?" असं म्हणत सगळ्याजणी हात धुवायला उठतात. मीही त्यातलीच. परवा मी जरा ऐटीतच म्हणाले, "आपल्या भागात असलं कधी काही झालं नाही ना, म्हणून आपल्याला बोलायला सोपं जातं." पोळ्या वाढणाऱ्या मावशी थबकल्या. म्हणाल्या, "का बाई? आमची सासू पोलीस ॲक्शनच्या सालची हाय. तिच्या मायनं तिला पोटात घेऊनच पैनगंगा वलांडली व्हती."

खरं सांगायचं तर पोलीस ॲक्शन म्हणजे १७ सप्टेंबरचं झेंडावंदन, एवढंच माझं ज्ञान. कॉन्व्हेंटमध्ये व्हर्सायचा तह मी पाठ केला होता, कलमांसकट. पण हैदराबाद म्हटलं की मला चारमिनार आणि बिर्याणीच आठवायची. मग सबमिशन बाजूला ठेवून वाचायला बसले.

हदगावकडून उमरखेडला जाताना एस.टी.तून पैनगंगा लागते. आज ती दोन जिल्ह्यांमधली नदी. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने तिच्या पलीकडे भारत होता आणि अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. नांदेड अलीकडे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, तेही अलीकडेच. आपण ज्याला परराष्ट्र धोरण म्हणतो ते त्या वेळी आपल्या गल्लीत चालू होतं!

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. पण जैसे थे काहीच राहिलं नाही. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. संस्थानाला समुद्र नव्हता, म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यातलं मार्मागोवा बंदर मिळतं का याची चाचपणी झाली. भारत नाकेबंदी करतोय अशी हैदराबादची तक्रार होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून शस्त्रं आणत होता. इकडे स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस लढत होती. आपल्या जिल्ह्यातल्या उमरीची बँक १९४८ च्या जानेवारीत लुटून कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. आणि रझाकारांच्या जुलमामुळे गावंच्या गावं सरहद्द ओलांडून कॅम्पात जात होती. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचाच वकील. (हे लातूरच्या माझ्या रूममेटलाही माहीत नव्हतं.)

ऑगस्टमध्ये निजाम सरकार युनोत गेलं. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत हैदराबादचा प्रश्न चर्चेला आला, आणि १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे तिकडे भाषणं चालू आणि इकडे निकाल लागलेला. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेतली, तरी तो विषय परिषदेच्या यादीत पुढे कितीतरी वर्षं पडून होता. लंडनच्या एका बँकेतले निजामाचे दहा लाख पौंड २० सप्टेंबरला पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यात गेले. त्याचा निकाल लंडनच्या कोर्टात २ ऑक्टोबर २०१९ ला लागला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने. तोवर त्या रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. चौकशी बारा तासांत पूर्ण करा म्हणून युनोवर चिडणाऱ्या आपल्याला हे ७१ वर्षांचं प्रकरण ठाऊक नसावं, याची गंमत वाटते.

आता मुद्द्याचं. रणगाडे आणि विमानं घेऊन गेलेल्या कारवाईला आपण 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये शिरला तेव्हा त्यांनी 'स्पेशल मिलिटरी ऑपरेशन' म्हटलं आणि आम्ही मेसमध्ये हसलो. दोन्ही एकच आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. युक्रेन युनोचा सदस्य देश. हैदराबादला वेगळ्या डोमिनियनचा दर्जा ब्रिटननेही दिला नव्हता, आणि इथली जनता स्वतःच निजामाविरुद्ध उठली होती. फौज आली ते बरोबरच झालं असं माझं ठाम मत आहे. पण नावं सरकारं देतात, आणि नावामागे काय घडलं ते आपल्याला बघावं लागतं.

कारण १७ सप्टेंबरनंतरही काही घडलं, आणि ते आपल्या भाषणांत येत नाही. भारत सरकारनेच पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे फिरली. त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त हानीचे चार जिल्हे आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. कारवाईच्या काळात आणि नंतर या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार, आणि संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान, रझाकार नसलेलेही. लातूरमध्ये तर वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले. हा अहवाल कित्येक दशकं दडून होता.

"मग रझाकारांनी काय केलं ते विसरायचं का?" असं मला रूमवर विचारलं गेलं. नाही, मुळीच नाही. मावशींच्या सासूच्या मायला नदी कुणामुळे ओलांडावी लागली? पण त्या माउलीचं दुःख सांगितल्यावर लातूरच्या त्या वीस दिवसांचं सांगायला जागा उरत नाही, हे मला पटत नाही. दुसऱ्या देशाने आपली कत्तल कबूल करावी असं आपण जेवताना बजावतो, तर आपलं काय?

येत्या १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात मी सरांकडे पाच मिनिटं मागणार आहे. उमरीची बँक, पॅरिसची सभा आणि सुंदरलाल समिती, तिन्ही सांगायचंय. तुमच्या घरी त्या सालचं कुणी असेल तर दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता फोन करून विचारा, काय ऐकलंय ते. रूम नंबर माझा सगळ्यांना माहीत आहेच.