उकळून भागणार नाही

"पाणी उकळून प्या." नर्सच्या नोकरीत हे वाक्य मी किती हजार वेळा उच्चारलं असेल, त्याचा हिशेब नाही. कॉलरा, कावीळ, टायफॉईड, सगळ्यांत पहिली सूचना हीच, आणि ती योग्यच आहे. पण कॅनडात मुला-नातवंडांकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना आज मला एका पाण्याबद्दल वेगळं सांगायचं आहे. उन्हाळ्यात हिरवं पडलेलं तळ्याचं पाणी उकळून पिण्याजोगं होत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात इथल्या कित्येक तळ्यांच्या काठाला सांडलेल्या हिरव्या रंगासारखा थर दिसतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू असतात. त्यांतले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते यकृताला इजा करतं. उकळल्यावर जीवाणू मरतात, विष मात्र मरत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये एरी सरोवरावर अवलंबून असलेल्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरात सुमारे चार लाख लोकांना सांगावं लागलं, की नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. त्याच उन्हाळ्यात कॅनडाच्या हद्दीतल्या पीली बेटावरही सरोवराचं पाणी वापरू नका असं सांगण्यात आलं.

ज्यांच्या घरी कोणी डायलिसिसवर आहे, त्यांना यातलं गांभीर्य चटकन कळेल. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू इथे हे विष असलेलं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. रक्ताशी संबंध आल्यावर थोडंसं विषही पुरतं.

म्हणून नळाच्या पाण्याला घाबरू नका, शहरांत ते शुद्ध करून आणि तपासून येतं. काळजी घ्यायची ती कॉटेजवर. तिथे पुष्कळ ठिकाणी पंप थेट तळ्यातून पाणी खेचतो. गेल्यावर आधी विचारा, पाणी कुठलं. हिरवा थर दिसला तर त्या पाण्याने स्वयंपाक नको, दात घासणं नको आणि नातवंडांची आंघोळही नको. जगमधल्या साध्या फिल्टरवर विसंबू नका, विकतचं पाणी न्या. पिकरेल आणि पर्च हे पंख-खवल्यांचे, आपल्याला चालणारे मासे, पण अशा पाण्यातले असतील तर आतडी आणि यकृत काढून टाका आणि मांस स्वच्छ पाण्याने धुवा. नव्याचा सणही ऐन याच दिवसांत येतो. ताश्लिखला पाण्याशी उभं राहायचं, हात बुडवायची गरज नाही.

आता हे हिरवं येतं कुठून? पवई तलावावरची जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फार समजावायला नको. पाण्याला खायला जास्त झालं की हे असं होतं. इथे ते खाणं म्हणजे मुख्यतः फॉस्फरस, आपले शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात तो.

ते कॅनडातच सिद्ध झालं. वायव्य ऑन्टारिओत २२६ नंबरचं एक तळं आहे, मध्ये कंबरेसारखं चिंचोळं. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंबरेत प्लास्टिकचा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातलं, फॉस्फरस फक्त एकीकडे. तेवढाच भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेला तो फोटो बघितला की व्याख्यानाची गरज उरत नाही.

त्या काळी कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असे आणि एरी सरोवर मेलं असं वर्तमानपत्रं लिहीत होती. मग सरकारने काय केलं? गृहिणींना "कृपया कमी पावडर वापरा" अशी विनंती करत बसलं नाही. पावडरीतल्या फॉस्फेटवर कायद्याने मर्यादा घातली, १९७२ साली अमेरिकेशी करार केला आणि सांडपाणी शुद्ध करायला पैसा ओतला. सरोवर सुधारलं. कपडेही पूर्वीसारखेच स्वच्छ निघत राहिले.

नव्वदीच्या दशकात हिरवा थर परत आला. आता एरीत फॉस्फरस येतो तो मुख्यतः शेतांतून, खत आणि शेणाबरोबर, वसंतातल्या मोठ्या पावसात वाहून. २००८ च्या मानाने तो ४० टक्के कमी करायचं दोन्ही देशांनी २०१६ साली ठरवलं. पण कॅनडाच्या २०१८ च्या आराखड्यात शेतीसाठीचे उपाय बव्हंशी ऐच्छिक आहेत. मला हे पटत नाही. शेतकऱ्याशी माझं वैर नाही. खत जमिनीत गाडून घालायला, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखायला त्याला खर्च येतो, तो सरकारने द्यावा. पण पैसे दिल्यावर सक्तीही करावी. वॉर्डात हात धुणं ऐच्छिक ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते कुठल्याही नर्सला विचारा.

निवडणुकीच्या दिवसांत मतं मागायला उमेदवार दुपारी दारावर येतात, तेव्हा घरात आपणच असतो. त्यांना बसवा, चहा द्या आणि विचारा, की ४० टक्क्यांपैकी किती झालं आणि उरलेलं कधी. इंग्रजी अडत असेल तर प्रश्न नातवाकडून कागदावर लिहून घ्या.