हळदीच्या खोलीपुरता कॅमेरा नको

जळगाव-धुळ्याकडे लग्नाचे फोटो काढायला एखादी मुलगी आली, की तिला आधी नवरीच्या खोलीत धाडतात. मेंदी, हळद, साडीच्या निऱ्या, मायलेकींचे रडणे हे तिने टिपायचे. मुहूर्त जवळ आला की मोठा कॅमेरा घेतलेला पुरुष पुढे होतो आणि ती खुर्च्यांच्या मागे जाते. बायकांच्या खोलीत मोकळेपणी शिरता येणे हा तिचा फायदा आहेच. अहिराणी गाणी म्हणणाऱ्या आज्या परक्या पुरुषापुढे पदर सावरून गप्प होतात, तिच्यापुढे होत नाहीत. पण तेवढ्यावरच तिची बोळवण होत असेल, तर तिचे शिक्षण अर्धेच राहते, असे माझे मत आहे.

कारण हे काम मांडवातच शिकता येते. ऐन वैशाखात बाहेर डोळे दिपतात आणि रंगीत कापडाखाली माणसांचे चेहरे लाल-हिरवे दिसतात. हळद लावलेल्या चेहऱ्यावर सरळ फ्लॅश मारला तर रंग पांढुरका पडतो. गोरज मुहूर्ताला बघता बघता उजेड उतरतो. अंतरपाट दूर होताना कुठे उभे राहायचे, हे आधीच ठरवलेले हवे. तो क्षण पुन्हा येत नाही. (हल्ली “जरा परत करा” म्हणतात, आणि भटजीही थांबतात, ते सोडा.)

चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) आपल्या घरात वर्षानुवर्षे जवळजवळ कोंडून घेऊन राहिले आणि टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. एवढा निवांतपणा आपल्याला कुठला? पण पहिली उजळणी घरीच होते. हळदीची वाटी खिडकीपाशी, उंबऱ्यावर, बल्बखाली ठेवा आणि फोटो काढा. त्याला पैसे पडत नाहीत, कोणाची परवानगीही लागत नाही. पुढचे मात्र दुसऱ्याच्या हाताखाली, दुसरा कॅमेरा म्हणून, भर मांडवातच शिकावे लागते.

आता मुद्द्याचे. हे फोटो कोणाच्या कामाचे? अल्बम सासरी राहतो. घराबाहेर काढलेली बाई रिकाम्या हाताने निघते. नवऱ्याने दुसरे लग्न केले अशी फिर्याद करायची, तर लग्न विधिपूर्वक लागल्याचे सिद्ध करावे लागते. आपल्या राज्यातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या लग्नातले आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून शिक्षा रद्द केली. फोटोने सगळे भागत नाही, साक्षीदार लागतातच. पण सप्तपदी, होम किंवा त्या समाजाच्या रूढीतला मुख्य विधी, आणि भोवती उभे असलेले मामा, काका, शेजारी स्पष्ट दिसतील असा एक फोटो बाईच्या फार उपयोगी पडतो. आंदणाचेही तसेच. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करावी असा नियम १९८५ पासून आहे. ती करते कोण? मांडलेली भांडी, कपाट, दागिने यांचे चार साधे फोटो निदान काढून ठेवता येतात. नवरीच्या पापण्यांचे पन्नास फोटो काढणाऱ्याला हे सुचत नाही. बाईला सुचावे, म्हणून तिने मुहूर्ताला पुढे असायला हवे.

नावाचाही प्रश्न आहेच. होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. आजही हाताखाली काम करणाऱ्या मुलीने काढलेला फोटो स्टुडिओच्या मालकाच्या नावाने जातो आणि तिला दिवसाची मजुरी मिळते. मुहूर्ताचे फोटो मी काढीन आणि त्यावर माझे नाव राहील, हे काम धरतानाच बोलून घ्यावे.

ज्या मैत्रिणी स्वतः ऑर्डर घेतात, त्यांनी इसार घेतानाच आणखी एक अट घालावी. फोटोंची एक प्रत नवरीच्या आईकडे जाईल आणि मूळ फाइल तारखेसह, काहीही न बदलता, आपल्यापाशी राहील. नवरीला हे बाजूला घेऊन सांगावे. त्यासाठी ती हळदीची खोली फार सोयीची आहे.