रतीब नव्हे, वाटा



गेल्या महिन्यात आम्ही पुण्याच्या सदाशिव पेठेत बैठक घेतली. विषय एकच होता : पेठेतल्या तीस घरांनी मिळून एका शेतकऱ्याच्या भाजीपाल्याच्या हंगामात वाटा घ्यायचा. पैसे पेरणीआधी द्यायचे आणि दर आठवड्याला ठरलेल्या जागेवरून आपापली भाजी न्यायची. सगळे ऐकून घेतल्यावर एका आजींनी विचारले, "पीक बुडाले तर पैसे परत मिळतील का?"

आम्ही क्षणभर अडखळलो. मग सरळ सांगितले, "नाही आजी, मिळणार नाहीत."

दोघेजण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. त्या बसून राहिलेल्यांसाठी आणि आपल्यासाठी हे लिहितो आहोत.

पेठेला दुधाचा रतीब ठाऊक आहे. दूध आले तर पैसे, नाही आले तर खाडा. आजवर शेतीतला प्रत्येक खाडा शेतकऱ्याच्याच नावावर लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपये ४९ पैसे उरले. मोटारभाडे, हमाली, तोलाई यांचे पैसे आधी निघाले. राबणाऱ्याचा हिशेब शेवटी! वाट्यात हा क्रम उलटतो. आधी शेतीचा खर्च निघतो आणि जे पिकेल ते सर्वांचे.

ही कल्पना हवेतली नाही. जपानात १९७० नंतर शहरी गृहिणी आणि शेतकरी यांनी 'तेईकेई' या नावाने अशी जोड बांधली. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी शेते सुरू झाली. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या घरांचे गट करून महिन्याचा किराणा आगाऊ नोंदवण्याची आणि आपसांत वाटून घेण्याची पद्धत रुजवली. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या सोसायट्यांनी थेट शेतातून भाजी घेतली. फळे-भाजीपाला तर २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे. वाट मोकळी आहे, चालायचे आपण.

आता हिशेब. समजा, २० गुंठे आणि चार महिन्यांचा हंगाम. बियाणे, शेणखत, पाणी, मजुरी, वाहतूक आणि घरच्या माणसांची मजुरी (ती लिहायला आपण नेहमी विसरतो!) मिळून खर्च १,२०,००० रुपये. तीस घरांत प्रत्येकी ४,००० रुपये, म्हणजे सोळा आठवडे दर आठवड्याला २५० रुपये. त्यात साधारण पाच किलो भाजी बसावी. उत्पादन खर्चावर आधारलेला भाव तो हाच. त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

धोका कमी करणे मात्र आपले काम आहे. एकच पीक लावाल तर फसाल. मेथी, पालक, चाकवत, चुका दर दहा दिवसांनी थोडे थोडे पेरा. सोबत भेंडी, गवार, दोडका, वांगी लावा. पावसाने मेथी झोपली तरी दोडका टिकतो. टोपली हलकी होईल, रिकामी होणार नाही. आणि हलकी का झाली ते त्याच आठवड्यात वाटेकऱ्यांना कळवा. हंगामात एकदा त्यांना बांधावर बोलवा.

खरी परीक्षा ग्राहकाची नाही, आपलीच आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शहरात किलोला शंभराच्या वर गेला. अशा वेळी वाटेकऱ्यांची टोपली भरायची की कॅरेट बाजारात न्यायचे? ज्याने एकदा कॅरेट नेले, त्याने तीस घरांचा विश्वास कायमचा विकला. त्याच वर्षी सप्टेंबरात टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला, हेही आठवा. पडत्या भावात त्यांनी आपल्याला सोडू नये असे वाटत असेल, तर चढत्या भावात आपण त्यांना सोडता कामा नये.

त्या आजींनी निघताना चार हजारांचा आकडा पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाल्या, "हिशेब लेखी दाखवा, मग बघू." यात काय चुकीचे आहे? पेठेची माणसे चोख असतात, आपणही चोख होऊ.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला भाजीचा नमुना आणू नये. गेल्या हंगामाच्या खर्चाची वही आणावी.